तिसरी काठी जरा थांबते

पुसदला मला कोणी विचारलं, "वहिनी, सध्या काय सुरू आहे?" तर मी सांगते, "ठिपके नाचवणं." ओळखीचा माणूस हसतो. नवख्याला वाटतं, मी रांगोळीचे क्लास घेते. एका बाईने तर मला विचारलंही, "पंधरा ते पंधरा येते का तुम्हाले?" मी म्हटलं, "नाही हो, मले तीनावर चार येते." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे समजावायच्या भानगडीतच पडले नाही. आज मात्र समजावणार आहे, कारण दिवाळी अंकात मला चांगली ऐसपैस जागा मिळाली आहे आणि मध्ये बोलणारं कोणी नाही.

आमच्या घरात कामाची वाटणी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी झाली. आमचे हे कॅमेरा घेऊन लग्नं फिरायचे आणि मी घरी बसून मिक्सिंग करायची. मिक्सिंग म्हणजे कापाकापी आणि जोडाजोडी. चार तासांचं शूटिंग घ्यायचं, त्यातून ढेकर देणारे मामा काढायचे, रुसलेली मावशी काढायची, नवरीचा चेहरा गुलाबातून बाहेर आणायचा आणि नवरदेवाचा बदामातून. मंगलाष्टकं सोडली तर बाकी सगळा मूळ आवाज पुसून टाकायचा आणि वर सिनेमातली गाणी चढवायची. का पुसायचा, तर कॅमेऱ्याच्या माइकमध्ये जनरेटर यायचा, पोट्ट्यांची रडारड यायची, "ओ शूटिंगवाले, सरका न बाजूले" हे तर हमखास यायचं. पार्टीलाही, म्हणजे लग्नघरालाही, गाणीच पाहिजे असायची. यादी हातात देऊन जायचे लोक. ही पुसायची गोष्ट तेवढी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

ठिपक्यांचा धंदा माझ्या गळ्यात पडला तो वरच्या मजल्यावरच्या तबल्याच्या क्लासमुळे. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण छतातून जे यायचं ते कानात जायचंच. तिथले सर पोरांना आड लय शिकवत. म्हणजे दोन मात्रांच्या वेळात तीन ठोके मारायचे, आणि तेही सारख्या अंतराने. सर जुन्या वळणाचे. ते पोरांना दिडकीचा पाढा म्हणायला लावत. बे दिडके तीन! पण आजची पोरं, बे एके बे सुद्धा मोबाइलवर करणारी, त्यांना कुठली दिडकी? मग सरांचा आवाज चढायचा, पाय आपटले जायचे आणि चुन्याचे पोपडे माझ्या कीबोर्डवर पडायचे. असे तीन महिने पोपडे झाडल्यावर एका दुपारी मी वैतागून लग्नाच्या सामानातले दोन बदाम घेतले. एकाला दोन सेकंदांत दोन उड्या मारायला लावल्या आणि दुसऱ्याला तेवढ्याच वेळात तीन. वर जाऊन सरांना म्हटलं, "हेच म्हणताय ना तुम्ही?"

सर स्क्रीनकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "वहिनी, चाळीस वर्षं मी हे कानाने ऐकलं, पण डोळ्याने आज पाहिलं." पोरांना आठ दिवसांत आड यायला लागली. एका मुलीची आई मात्र तणतणत आली, "तबला शिकवता का काय शिकवता? पोरगी वहीत बदाम काढून राह्यली!" त्यानंतर बदाम गेले आणि ठिपके आले.

ठिपके म्हणजे काय, तेही सांगून टाकते. भिंतीवरच्या घड्याळासारखं एक गोल डोळ्यांपुढे आणा. बाराच्या जागी एक तांबडा आणि एक पिवळा ठिपका शेजारी शेजारी. मग उरलेल्या गोलावर तांबडे असे ठेवायचे की एकूण तीन होतील, सारख्या अंतरावर, त्रिकोणाच्या टोकांवर. पिवळे एकूण चार, चौकोनाच्या टोकांवर. आता एक काटा फिरवायचा. काटा ज्या ठिपक्याला लागेल तो फुगतो आणि वाजतो. बाराला दोघे एकदम फुगतात. तबलेवाले त्याला सम म्हणतात. उरलेल्या फेऱ्यात तांबडे आणि पिवळे एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत. एका घरातल्या दोन जावांचं असतं तसं, सणाला एकत्र, बाकी जिची तिची चूल. कानाला हा सगळा गोंधळ वाटतो. डोळ्याला मात्र तो नक्षीसारखा दिसतो, आणि एकदा दिसला की कानालाही कळायला लागतो. एवढीच माझी विद्या. त्यावर मी गेली दहाएक वर्षं मिरवते आहे.

गिऱ्हाइकं कशी कशी भेटली म्हणता! यवतमाळचा एक बँडवाला आला. त्याचा मोठा ढोल आणि साइड ड्रम यांचं आपसात पटत नव्हतं, दोघं भाऊ असूनही. मी ठिपके करून दिले. तो म्हणाला, "चांगले आहेत वहिनी, पण ढोलाच्या ठिपक्यात माहा फोटो टाका." टाकला. मग भावाला राग आला, तर त्याचाही टाकला. वाजवताना दोघं भाऊ स्क्रीनवर गोलातून फुगत होते, आणि एवढ्या फुगण्यात ताल कधी जुळला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. दुसरा एक नवरदेव, पुण्याला नोकरीला. स्वतः तबला वाजवायचा. त्याच्या रिसेप्शनला मागे मोठ्या पडद्यावर माझे ठिपके आणि पुढे हा वाजवणार असं ठरलं. सुरुवात झाली, ठिपके लागले फुगायला, आणि नवरीच्या काकांनी धावत जाऊन प्रोजेक्टरचा प्लग उपटला. "व्हायरस घुसला व्हायरस!" म्हणून ओरडत होते. त्यांना शांत करेपर्यंत नवरदेवाचे दहा फेरे वाया गेले. काकांनी नंतर माझी माफी मागितली आणि घरच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस काढायला कधी येता म्हणून विचारलं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. आता जे सांगणार आहे ते मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारी एक बाई स्कूटीवरून उतरली. हेल्मेट काढलं आणि म्हणाली, "वहिनी, ओळखलं का? तुमच्या सीडीतली नवरी मी." अशा नवऱ्या मी हजारांनी पाहिल्या आहेत, पण चेहरा ओळखीचा वाटला. तिचं नाव सविता. फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरची, बंजारा समाजातली. अंगणवाडी सेविका. तिचं लग्न आम्ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वी केलं होतं. केलं होतं म्हणजे शूटिंग. तिने पिशवीतून सीडी काढली. प्लास्टिकच्या डबीवर माझ्याच हातचं टायटल होतं, दोन मोर आणि मध्ये 'शुभविवाह'.

"याच्यात माह्या बापूचा नंगारा आहे," ती म्हणाली. "लग्नात त्यायनं स्वतः वाजवला होता. वहिनी, वरचं गानं तेवढं काढून टाका अन् खालचा नंगारा वर आना. मले शिकाचा आहे."

तिचे वडील थावरा बापू. नगारा वाजवण्यात त्या भागात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि त्याला कारण होतं. बाकीचे दोन्ही हातांनी एकच चाल वाजवतात. बापूंचा उजवा हात तीन वाजवायचा आणि डावा त्याच वेळात चार. होळीला तांड्यावर फेर धरून नाचत जी गाणी म्हणतात, त्यांना लेंगी म्हणतात. तिथल्या बायकांचे लेंगीचे पाय बापूंच्या या चालीवर बसलेले. आणि पोळ्याच्या सुमारास बापूंना लकवा मारला. बोलणं शाबूत, उजवा हात शाबूत, डावा गेला.

"मग उजव्या हाताचं तरी ते दाखवतील ना?" मी विचारलं.

"तेच त नाही होत. डावा सोबत नसला का उजव्यालेबी आठवत नाही. दोन काठ्या मारते अन् थांबते. मंग रडते." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "तांड्यातले पोट्टे यंदा होळीले डीजे आनाचं म्हनून राह्यले. यंदा बापूची चाल वाजली नाही त संपलीच समजा. पुढच्या वर्षी कोनाच्या पायाले आठवन राह्यते?"

"पण तुमच्यात बायका वाजवतात का नगारा?"

"नाही वाजवत," सविता म्हणाली. "मी वाजवीन."

मी सीडी उलटीपालटी केली आणि खोटं बोलले. म्हटलं, ओरखडे फार आहेत, ठेवून जा, पाहते. ती गेली. पुढचे तीन दिवस मी ती सीडी मशीनला लावलीही नाही. लावून काय पाहणार होते? त्यात काय आहे ते मला पाठ होतं, कारण ते माझ्याच हातचं होतं. लोकांना वाटतं गाणं म्हणजे गादीवरची चादर, ओढली की खाली गादी आहेच. तसं नसतं हो. मी गाणं चढवताना खालचा आवाज आधी साफ पुसायची. मूळ कॅसेटवर असेल म्हणाल, तर आमच्या धंद्यात एक कॅसेट तीन-चार लग्नं चालायची. काम झालं की त्याच कॅसेटवर पुढचं लग्न. सविताच्या लग्नावर कुठल्या तरी दिग्रसच्या नवरदेवाची वरात चढलेली असणार. बापूंचा नगारा जगात कुठेच शिल्लक नव्हता, आणि तो मी घरात बसून, बहुतेक चहा पिता पिता, पुसला होता.

चौथ्या दिवशी हे म्हणाले, "त्या पोरीले सांगून टाक. नाही त मी सांगतो."

तिला बोलावलं आणि सांगितलं. ती ऐकत राहिली.

"म्हणजे खाली काहीच नाही?"

"काही नाही."

"कॅसेट?"

"त्यावर दुसऱ्याचं लग्न आहे."

सविता "बरं" म्हणाली. भांडली असती तर बरं वाटलं असतं, भांडायला मी कोणाला कमी नाही. पण नुसतं "बरं". तिने हेल्मेट उचललं आणि निघाली. ती दारापर्यंत गेली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ओरडलेच, "सविता, आवाज नाही, पण हात आहेत न!"

आजवर मी आवाजावरून ठिपके काढत आले होते. आता हातावरून काढायचे होते. व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. एकेक चित्र पुढे सरकवायचं आणि काठी चामड्याला टेकली की वहीत आकडा लिहायचा. उजवी तांबड्या पेनने, डावी पिवळं पेन दिसत नाही म्हणून हिरव्याने. बापूंचं वाजवणं सीडीत चार मिनिटं होतं, पण दोन्ही हात नीट दिसतात असे जेमतेम चाळीस सेकंद. उरलेल्या वेळात मी काय करून ठेवलं होतं? नगाऱ्यावर बदाम आणून त्यातून नवरदेव दाखवला होता! स्वतःच्याच कलेला मी इतक्या शिव्या कधी दिल्या नव्हत्या. हे शेजारी बसून शेंगा सोलत होते. म्हणाले, "छान आहे की बदाम." मी त्यांना बाहेर पाठवलं.

आकडे जमले. एक फेरा साधारण दोन सेकंदांचा, म्हणजे पन्नास चित्रांचा. डाव्या हाताचे चार ठोके बरोबर ठरल्या जागी. उजव्याचे पहिले दोन बरोबर. तिसरा मात्र दर फेऱ्यात थोडा उशिरा. हिशेबाने तो तेहतिसाव्या चित्रावर यायला पाहिजे, तर येत होता पस्तीस, छत्तीस, पस्तीस. इथे माझ्यातली मिक्सिंगवाली जागी झाली. वाकडं दिसलं की सरळ करायचं, हा माझा जन्माचा धंदा. नवरदेवाच्या गालावरचा फोड मी काढत असे, तर ठोक्याचं काय घेऊन बसलात? मला वाटलं, जुना कॅमेरा आहे, माणूस म्हातारा आहे, व्हायचंच थोडं इकडेतिकडे. कॉम्प्युटरमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की सगळे ठोके आपापल्या घरात जाऊन बसतात. दाबलं. त्रिकोण कसा अगदी सुरेख झाला.

ते ठिपके मी सविताच्या मोबाइलवर दिले. अंगणवाडी सुटली की ती रोज तास-दीड तास दोन्ही हातांनी बसायची. महिन्याभरात तिला तीनावर चार आलं. मला फोन करून ऐकवलं तेव्हा मी इकडे एकटीच टाळ्या वाजवल्या. होळी तीन आठवड्यांवर आली तेव्हा तिने बोलावलं, "या वहिनी, बापूले दाखवू."

एसटीने फुलसावंगीला उतरले आणि तिथून सविताच्या मागे बसून तांड्यावर गेले. बापू अंगणात बाजेवर बसले होते, सत्तरीच्या घरातले, मिशा अजून ताठ. लग्नात पाहिलेले हात लगेच ओळखले, कारण महिनाभर मी तेच बघत होते. डावा मांडीवर पडलेला. सविताने नगारा पुढ्यात घेतला आणि वाजवायला लागली. एकही काठी चुकली नाही. मी बापूंकडे बघत होते. ते डोळे मिटून ऐकत होते.

सविताची आई, तिला घरचे याडी म्हणतात, ती उठली. घागऱ्याचा आरशांचा, कवड्यांचा भारी घेर सावरला आणि लेंगीची पावलं टाकायला गेली. एक, दोन, आणि तिसऱ्याला अडखळली. पुन्हा टाकली, पुन्हा तिसऱ्याला अडखळली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हा कोनाचा नंगारा आहे? याच्यात पाय ठेवाले जागाच नाही."

सविताच्या हातातल्या काठ्या तशाच राहिल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं.

"पोरगी बरोबर वाजवते," बापू सावकाश म्हणाले. "पन घाई करते. तिसरी काठी जरा थांबते."

"कुठं थांबते, बापू?" मी विचारलं.

त्यांनी उजवा हात वर नेला आणि हवेतच ठेवला. याडीला मानेने खूण केली. ती फिरली. घेर तिच्या मागून फिरत आला, त्या जड कापडाला यायला वेळ लागतोच, आणि तो पुढे येऊन पायावर पडला तेव्हा बापूंचा हात खाली आला. "बाईचा घेर येऊ द्या लागते न," ते म्हणाले. "तो आल्याबिगर तिचं पाऊल कसं पडन?"

पस्तीस, छत्तीस, पस्तीस. माणूस म्हातारा नव्हता आणि कॅमेराही वाईट नव्हता. तो उशीर नव्हताच. तिथे एक बाई फिरत होती, आणि मी तिला बटण दाबून काढून टाकलं होतं. एकदा आवाज पुसला होता तो कमी पडला म्हणून की काय, दुसऱ्यांदा उरलंसुरलं पुसायला निघाले होते. मला रडू आलं, तेही चारचौघांत. याडीने मला पाणी दिलं आणि सविताला विचारलं, "या बाईले काय झालं?"

पण या वेळी माझ्याजवळ वही होती. तांबड्या पेनाचे आकडे जसेच्या तसे होते. लॅपटॉप सोबत आणलाच होता. बाजेच्या कडेला बसून मी तिसरा तांबडा ठिपका उचलला आणि वहीत होता तिथे नेऊन ठेवला, चौथ्या पिवळ्याच्या अगदी जवळ. त्रिकोण वाकडा झाला. दिसायला इतका ओबडधोबड की पार्टीला देताना लाज वाटावी. आवाज बंद ठेवला आणि काटा फिरवला.

बापूंनी लॅपटॉप जवळ ओढायला सांगितला. "पिवळं कोन?" त्यांनी विचारलं.

"तुमचा डावा हात," मी म्हटलं.

काट्याचे तीन-चार फेरे त्यांनी फक्त पिवळे ठिपके पाहिले. मग उजव्या हाताने काठी मागितली. सविता त्यांच्या डाव्या बाजूला बाजेवर बसली, डावी काठी घेऊन. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा बापू दोन ठोक्यांवर थांबले, आणि सविताकडे बघायला लागले. सविता म्हणाली, "बा, माह्याकडं नको पाहू, पिवळ्याकडं पाह्य." तिसऱ्या वेळी उजवा हात सुरू झाला आणि थांबला नाही. एक, दोन, मग काठी वर, मग तिसरी. पुन्हा एक, दोन. याडी केव्हाच उठली होती. तिने घेर फिरवला, पाऊल टाकलं, ते पडलं, दुसरं पडलं, आणि ती काहीतरी त्यांच्या बोलीत मोठ्याने म्हणाली. मला अर्थ कळला नाही, पण शेजारच्या तीन बायका हातातलं काम टाकून आल्या.

त्यानंतरचे तीन आठवडे सविता सरळ ठिपके विसरून वाकडे ठिपके शिकली. सरळ शिकायला महिना लागला होता, वाकडं शिकायला फार कष्ट पडले म्हणाली. मीच तिला आधी चुकीचं शिकवलं होतं.

त्यांच्याकडे होळी पहाटे पेटवतात. आम्ही दोघं पोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि लेंगी सुरू व्हायची होती. पोट्ट्यांनी डीजेची पेटी आणून ठेवलीच होती, आणि त्यावर दोघं जण आरामात बसले होते. हे कॅमेरा लावत होते. मी आवाज टिपणारं वेगळं यंत्र नेलं होतं, नवं कोरं, ते नगाऱ्यापाशी गोणपाटाच्या घडीवर ठेवलं. आधी बापू आणि सविता मिळून बसले, एक नगारा, एक उजवा हात, एक डावा. तीन-चार लेंग्या झाल्यावर बापूंनी आपली काठी सविताच्या हातात दिली आणि बाजूला सरकले. ती एकटी दोन्ही हातांनी वाजवत राहिली. फेर एकदाही तुटला नाही. पेटीवर बसलेला एक जण उठून फेरात गेला, आणि मग दुसराही गेला.

मी बापूंच्या शेजारी खाली बसले होते. यंत्र आमच्या दोघांच्या मध्ये होतं. बापूंनी त्याच्यावरचा लाल दिवा पाहिला आणि विचारलं, "याच्यात आवाज येते का?"

"येतो बापू."

"मंग या बारीले गानं नका टाकू."

सविताने त्यांना फक्त सीडी खराब झाली एवढंच सांगितलं होतं, हे मला माहीत होतं. "तुम्हाला कळलं होतं?" मी विचारलं.

"हात माहे, अन् मले नाही कळन?" ते हसले. "सीडी आली त्याच दिवशी सारा तांडा पाह्यत बसला होता. मी वाजवून राह्यलो अन् गानं भलतंच."

"मग बोलले का नाही? भांडायला यायचं ना पुसदला!"

"कायले भांडाव?" बापू सविताच्या हातांकडे बघत म्हणाले. "आम्हाले वाटलं, आमच्या नंगाऱ्याचा आवाज सीडीत मावत नसन."

मीही तिकडेच पाहिलं. तिसरी काठी वर जात होती, थांबत होती, खाली येत होती.

मिक्सिंगला बसले तेव्हा हे म्हणाले, बापूंचं बोलणं तेवढं कापून टाक, मध्ये मध्ये येतं. मी नाही कापलं. त्या फाइलीत नगारा आहे, लेंगी आहे, एक कोंबडा आहे, "शूटिंगवाले, सरका न बाजूले" आहे, आणि अकराव्या मिनिटाला बापूंचं ते 'सीडीत मावत नसन' आहे. तिची एक सीडी करून मी तांड्यावर पोचवली. डबीवर मोर काढले नाहीत.